पाजलं कोणी?

बिश्केकच्या वैद्यकीय कॉलेजात दुसऱ्या वर्षी आनुवंशिकतेच्या तासाला सगळ्यांना आपापल्या घराण्याची वंशवेल काढायला सांगितली, तेव्हा वर्गातली सगळ्यात देखणी वंशवेल जिपारची निघाली. वडिलांकडच्या सात पिढ्या तिला तोंडपाठ होत्या. सहा वर्षांची असताना पाहुण्यांसमोर उभी राहून ती सातही नावं एका दमात म्हणायची आणि बक्षीस म्हणून तिला शिजवलेल्या मेंढीचा कान खायला मिळायचा. त्यामुळे चौकोन, वर्तुळं, रेघा सगळं कसं ठाकठीक होतं. घोळ एकाच ठिकाणी होता. स्वतःच्या वर्तुळाच्या वर, आईच्या जागी तिने, जिला ती आपा म्हणायची तिचं नाव घातलं होतं आणि शेजारी आपाचं वयही लिहिलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी (सगळे त्यांना एजे, म्हणजे ताई म्हणत) दोन वयांची वजाबाकी केली.

"जिपार, तू झालीस तेव्हा तुझी आई सत्तेचाळीस वर्षांची होती?"

"हो, एजे."

"आणि हा तुझा थोरला भाऊ तेव्हा तेवीसचा. त्याचं लग्न झालेलं."

"हो, एजे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "देवाची कृपा," असं म्हणून त्यांनी पूर्ण गुण देऊन टाकले. अर्धा वर्ग फिदीफिदी हसला आणि उरलेल्या अर्ध्याने माना खाली घातल्या, कारण त्यांच्याही वह्यांत तीच वजाबाकी चुकत होती.

पहिलं मूल सासूसासऱ्यांच्या ओटीत घालायची रीत आमच्या डोंगरात फार जुनी आहे. म्हाताऱ्यांचं घर सुनं राहू नये, एवढाच तिचा हेतू. मूल आजीला आपा म्हणतं, म्हणजे आई. बापाला दादा म्हणतं आणि जिने जन्म दिला तिला जेंगे, म्हणजे वहिनी. सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि सगळं गाव गप्प असतं. जिपारच्या जेंगेचं नाव सोनुन. वीस वर्षांची होती ती तेव्हा, बोलायला आधीच कमी. पुढे तिला तीन मुलं झाली, ती भिंतीपलीकडच्या घरात राहायला गेली, आणि रोज सकाळी सायीचं भांडं घेऊन यायची. साय ठेवायची, जिपारच्या वेणीकडे एकदा बघायची आणि जायची.

जिपार नऊ वर्षांची असताना रोट्या भाजायच्या भट्टीपाशी एका शेजारणीची जीभ सैल सुटली. जिपारने ऐकलं, गरम रोट्या फडक्यात गुंडाळल्या आणि घरी आली. कोणाला काही विचारलं नाही. विचारलं तर आपाला वाईट वाटेल हे एक, आणि जेंगे काय उत्तर देईल याची भीती हे दुसरं. तो प्रश्न तिने गिळला तो गिळलाच.

डॉक्टर व्हायचं मात्र आपानेच ठरवलं होतं. एकदा तालुक्याहून मुलांच्या डॉक्टरीणबाई गावात आल्या, त्यांनी जिपारच्या घशात चमचा घातला आणि जिपारने त्यांचं बोट कडकडून चावलं. बाई हसल्या. आपा हसली नाही. "डॉक्टरला चावायची हिंमत आहे, तर डॉक्टर व्हायचीही असेल," एवढंच म्हणाली आणि तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला तसंच सांगत सुटली. आपाने एकदा तोंडातून शब्द काढला की तो मागे घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

आमच्याकडे मुलांचा डॉक्टर व्हायचं तर अठराव्या वर्षीच मन पक्कं करावं लागतं. मोठ्यांच्या डॉक्टरांची शाखा निराळी, मुलांची निराळी, आणि सहा वर्षं एकाच वाटेने चालायचं. जिपार बिश्केकला आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीत कपडे होते आणि दुसरीत कुरुत, वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या, इतक्या की वसतिगृहाच्या चार खोल्यांना वर्षभर पुराव्यात. पहिलं वर्ष हाडांत आणि लॅटिनमध्ये गेलं. दोनशे सहा हाडं तिने सात पूर्वजांसारखीच पाठ केली, मोठ्याने, येरझाऱ्या घालत. शेजारच्या खोलीतल्या मुलीने भिंतीवर चप्पल आपटून विचारलं, "तुझ्या पूर्वजांत मांडीचं हाड कितवं गं?"

दर महिन्याला मिनीबसवाल्याबरोबर गावाकडून पुडकं यायचं. वर आपाची चिठ्ठी: जेव, टोपी घाल, कोणाच्या नादी लागू नकोस. खाली लोणी, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, सुकं मांस. आणि वर्षातून दोनदा सगळ्यात तळाशी लोकरीचे पायमोजे, ज्यांच्याबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नसायचं. मोजे जेंगे विणायची. सहा वर्षांत बारा जोड झाले.

दर वर्षी आरोग्य तपासणीचा कागद भरावा लागायचा. त्यात 'आईचे आजार' असा रकाना होता. जिपार डोळे मिटून लिहायची: रक्तदाब, गुडघे. पोरगी भावी डॉक्टर, आणि आपल्या अंगात कोणाचं रक्त आहे हे कागदावर धडधडीत खोटं लिहीत होती. वाईट म्हणजे तिला ते खोटं वाटतच नव्हतं.

सहा वर्षं संपली आणि मुलांच्या मोठ्या इस्पितळात पुढची दोन वर्षांची उमेदवारी सुरू झाली. तिथे सालिमा ओमुरोव्ना होत्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज असा की रडणारी मुलं आश्चर्याने गप्प व्हावीत. त्यांनी पहिल्याच दिवशी जिपारचे हात हातात घेतले.

"हे हात आहेत की नदीतले दगड? मुलाला हात लावायच्या आधी ते काखेत धर. आणि उभी काय राहतेस खांबासारखी? मुलाच्या डोळ्यांच्या खाली तुझे डोळे हवेत. बस जमिनीवर. आधी बाहुलीचं पोट तपास, मग पोरीचं. दुखतं तिथे सगळ्यात शेवटी हात लाव."

जिपार हे सगळं शिकली. काखेत हात धरून उभी असलेली ती उमेदवार डॉक्टरीण मुलांना फार आवडायची. छाती ऐकायला तिचा कान तयार झाला, सुई एका झटक्यात लागायला लागली, ताप का आला आणि का उतरत नाही याचा माग ती चिकाटीने काढायची. दोन वर्षं सरली. गावाकडच्या तालुक्याच्या इस्पितळात मुलांचा डॉक्टर नव्हता. चावा खाल्लेल्या बाई कधीच निवृत्त झाल्या होत्या. ती जागा जिपारसाठी राखून ठेवली होती. राहिली होती ती फक्त शेवटची परीक्षा. चिठ्ठी उचलायची, त्यावरच्या खाटेशी जायचं, तासाभरात मूल तपासायचं आणि तीन परीक्षकांपुढे सांगायचं.

ती नापास झाली.

आठ महिन्यांचं फिकट, अशक्त बाळ होतं ते. बरोबरच्या बाईने सांगितलं ते जिपारने जसंच्या तसं लिहून घेतलं: आईचं वय बावन्न, बाळ सहा महिने अंगावर प्यायलं. परीक्षकांनी ते मोठ्याने वाचलं आणि एक जण खोकला आल्यासारखं करून हसला. सालिमाबाई हसल्या नाहीत.

"बावन्नाव्या वर्षी अंगावर पाजलं? बाळ गाईच्या दुधावर आहे जन्मापासून, म्हणून फिकट आहे. तू विचारलं का नाहीस?"

"एजे, तसं विचारणं बरं दिसत नाही."

"बरं दिसायला डॉक्टर होतेस का? मग लग्नात पाहुण्यांना चहा ओतायला जा, तिथे फार छान दिसशील."

दुसरी संधी सहा महिन्यांनी होती. तालुक्याची जागा तोवरच थांबणार होती. या वेळी हुकली की दुसऱ्या कोणाला जाणार. जिपारने आपाला फोन करून सांगितलं. आपा म्हणाली, "नापास झालीस म्हणजे काय झालं? घोड्यावरून पडलेलं माणूस परत घोड्यावर बसतं, गाढवावर नाही. पण चुकलं काय?" जिपार म्हणाली, "एक प्रश्न विचारायचा राहिला." कोणता, ते तिने सांगितलं नाही. आपानेही विचारलं नाही, आणि हे आपाच्या स्वभावात मुळीच बसणारं नव्हतं.

सहा महिन्यांनी जिपारने पुन्हा चिठ्ठी उचलली. या वेळी खाटेवर चार वर्षांची आयदाय होती, मांडीवर फेल्टचा खेळण्यातला उंट घेऊन. शेजारी दामिरा आपा उकडलेलं अंडं सोलत होत्या. डोक्यावर पांढरा रुमाल, हाताला कामाचे घट्टे. जिपारने आधी हात काखेत धरले, मग जमिनीवर बसून उंटाचं पोट तपासलं.

"याचं पोट गच्च आहे," ती गंभीरपणे म्हणाली.

"त्यानं पाच अंडी खाल्ली," आयदाय म्हणाली.

उंट आटोपल्यावर आयदायने आपणहून झगा वर केला. डाव्या फासळ्यांखाली प्लीहा तीन बोटं मोठी लागत होती. चेहरा फिकट, डोळ्यांत हळदीची झाक. जिपारने फाईल उघडली. तीन वेळा कावीळ. तिन्ही वेळा संसर्गाची समजून उपचार, पण तपासण्यांत संसर्ग एकदाही सापडलेला नाही. रक्ताच्या कर्करोगाची शंका कोणीतरी पेन्सिलीने, प्रश्नचिन्ह घालून लिहिली होती. आणि खाली: आईवडिलांना असा आजार नाही. आईचं वय अठ्ठावन्न.

जिपारने तो आकडा दोनदा वाचला. गेल्या परीक्षेतला तोच खड्डा, तीच जागा.

"ही आमची शेंडेफळ," दामिरा आपा पोरीच्या तोंडात अंड्याचा तुकडा देत म्हणाल्या. "या वयात देवानं दिलीय."

आयदाय ऐकत होती. तिच्यासमोर तोंड उघडलं तर चार वर्षांच्या पोरीला ते परक्या बाईकडून कळणार, तेही इस्पितळाच्या खाटेवर. नाही उघडलं तर पोरीला नसलेल्या आजाराची औषधं मिळत राहणार, आणि जिपारने काय करायचं? चहाच ओतायचा. घड्याळात पस्तीस मिनिटं राहिली होती. भट्टीपाशी गरम रोट्या हातात घेऊन उभी असलेली नऊ वर्षांची पोर तिला स्पष्ट आठवली, आणि त्या पोरीच्या वतीने तिला राग आला. कशाचा ते सांगता आलं नसतं, पण आला.

"आपा," ती उठत म्हणाली, "उंटाला गरम पाणी पाजायला हवं. बंब कुठाय ते दाखवता का जरा?"

बाहेर बंबापाशी कोणी नव्हतं. जिपारने म्हाताऱ्या बाईचा हात धरला.

"मी नारीनकडची. माझ्या आपाची पोर. आपा सत्तेचाळीसची असताना आले मी तिच्याकडे. मला माझ्या जेंगेनं पाजलं. आपा, रागावू नका, आयदायला पाजलं कोणी?"

दामिरा आपांनी बंबाचा नळ घट्ट केला. मग रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"इतके डॉक्टर झाले. कोणाला लघवीचा रंग हवा, कोणाला शी. हे नाही विचारलं कोणी." त्यांनी हनुवटीने जिन्याकडे खूण केली. "ती बघ, खिडकीत बसलीय. माझी सून, मीरगुल. तीन दिवस बसलीय तिथं. आत ये म्हटलं की म्हणते, नको, मला रडू येईल, पोर घाबरेल."

मीरगुल चोवीसची होती. जिपारने जवळ जाऊन तिच्याकडे पाहिलं. खिडकीच्या उजेडात तिच्या डोळ्यांत तीच हळद होती. जिपारने विचारलं, तर ती आधी सासूकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस?" दामिरा आपा म्हणाल्या. "मी काय तुला खाणारे? सांग तिला सगळं."

"लहानपणी मी सारखी पिवळी पडायची," मीरगुल हळूच म्हणाली. "माहेरी मला जर्दाळूच म्हणायचे. लग्नाच्या आदल्या वर्षी पित्ताशयात खडे झाले, मग पित्ताशयच काढलं. माझ्या वडिलांची प्लीहा काढलीय, ते तरुण असताना." आणि मग एकदम, "म्हणजे तिला माझ्यामुळं झालंय का?"

"तुमच्यामुळं कळलं," जिपार म्हणाली.

परीक्षकांपुढे तिचा आवाज एकदाही कापला नाही. सालिमाबाई कागदावरून नजर न उचलता विचारत होत्या.

"आईचं वय?"

"चोवीस."

"फाईलमध्ये अठ्ठावन्न आहे."

"ती वाढवणारी आई. जन्म देणारीला लहानपणापासून कावीळ, पित्ताशय काढलेलं. तिच्या वडिलांची प्लीहा काढलेली. तीन पिढ्या झाल्या, एजे. रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मतःच चपट्याऐवजी चेंडूसारख्या गोल असणार, त्या प्लीहेत अडकून फुटतात. मायलेकींचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून बघावं. कर्करोग मला वाटत नाही."

"विचारणं बरं दिसलं का?"

"नाही दिसलं. विचारलं."

"आणि पोरीला काय कळलं यातलं?"

"उंटानं अंडी जास्त खाल्ली, एवढंच."

सालिमाबाईंनी आता वर पाहिलं. "चहा ओतायला दुसरी कोणीतरी बघावी लागणार," त्या शेजारच्या परीक्षकाला म्हणाल्या आणि सही केली. आठवड्याने मायलेकींच्या रक्ताच्या काचा शेजारी शेजारी ठेवल्या, तर दोन्हींत तशाच गोल पेशी. औषध साधं होतं, आणि प्लीहा काढायची की नाही ते आयदाय मोठी झाल्यावर बघायचं होतं. दामिरा आपांनी त्या दिवशी सुनेचा हात धरून तिला खाटेपर्यंत नेलं. आयदाय म्हणाली, "जेंगे, माझा उंट आजारी होता." मीरगुल रडली नाही. उंटाची विचारपूस करत बसली.

जिपार गावी आली ती जर्दाळू पिकण्याच्या दिवसांत. तालुक्याच्या इस्पितळाने नेमणुकीचा कागद पाठवला होता, आणि त्यात नेहमीचाच रकाना होता. सकाळी ती कागद जेवायच्या मेजावर पसरून बसली. आपा समोर गादीवर, चौऱ्याहत्तरची, गुडघे पसरून. जेंगे सायीचं भांडं घेऊन आली, भांडं ठेवलं, जिपारच्या वेणीकडे पाहिलं आणि निघाली.

"जेंगे," जिपार म्हणाली, "बस ना जरा. मला इथं लिहायचंय. माझा जन्म कसा झाला?"

सोनुन दाराशीच थांबली. हात पोटाशी बांधलेल्या फडक्यात गुंडाळले आणि ती आपाकडे बघायला लागली. जिपारला वाटलं, आता आपाच्या डोळ्यांत बघवणार नाही. पण आपाने शेजारची उशी ओढून थोपटली.

"ये, बस," आपा म्हणाली. "पास कशी झाली ते हिनं मला फोनवर सांगितलं. तेव्हापासून मी वाट बघतेय, हिच्या तोंडून हे कधी निघतं त्याची. अठरा वर्षं लागली बाईसाहेबांना. भट्टीवरच्या त्या बयेच्या झिंज्या मी त्याच दिवशी धरल्या होत्या."

सोनुन बसली. आधी शब्द एकेक करून आले.

"मार्चमध्ये झालीस. रस्ता बर्फानं बंद. ट्रॅक्टरमधून नेलं मला, आपा माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकोणीस तास लागले. तू रडली नाहीस लवकर. नर्सनं पाठीत चापट मारली, मग रडलीस. दोन किलो नऊशे."

"आणि कान सांग," आपा म्हणाली.

"डावा कान दुमडलेला होता. मी तेल लावून सरळ केला. रोज लावायची." सोनुनने जिपारच्या कानाकडे पाहिलं, हात मात्र फडक्यातच राहिला. "डाव्याच बाजूनं प्यायचीस. उजवी दिली की तोंड फिरवायचीस. हट्टी होतीस."

"दात होते का गं तेव्हा?" जिपारने विचारलं. हातात पेन होतं, पण लिहिणं कधीच थांबलं होतं.

"होते की. चावायचीस."

"बघ," आपा म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

"आणि आजार? तुला काय काय झालं, जेंगे? काहीही सांग. मला सगळं लिहायचंय."

"मला काही नाही. थंडीत छातीत कफ होतो, माझ्या आईलाही व्हायचा. तुलाही होतो. म्हणून तर मोजे पाठवायची." बोलून झालं तशी ती उठायला लागली. गाय बांधायची राहिली होती, म्हणाली.

"एकच," जिपार म्हणाली. "किती दिवस पाजलंस मला?"

"चौदा महिने," आपाच उत्तरली. "मग मी मोहरी लावायला सांगितली आणि सोडवलं."

सोनुन दारात उभी होती, पाठमोरी.

"चौदा महिने नऊ दिवस," ती म्हणाली, आणि गाईकडे गेली.

मेजावरचा कागद तसाच होता. रकाना लहान होता. आईचं नाव आणि आजार एवढंच मावेल इतका. जिपारने 'सोनुन' लिहिलं. मग खाली स्वतःच्या हाताने एक रेघ आखली आणि 'वाढवणारी' असं लिहून आपाचं नाव घातलं, रक्तदाब आणि गुडघ्यांसकट. पाजल्याचं कुठे लिहावं ते कळेना, म्हणून समासात लिहायला घेतलं. अक्षरं नीट दिसत नव्हती तिला.

आपाने चष्मा लावून कागद आपल्याकडे ओढला आणि समासावर बोट ठेवलं.

"इथं चौदा महिनेच लिहिलेस," ती म्हणाली. "नऊ दिवसही लिही."